वनस्पती पेशीची रचना व कार्य : वसईच्या केळीबागायतीच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :

वनस्पती पेशीचा शोध हा आधुनिक जीवशास्त्राच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या शोधाचा इतिहास इ. स. १६६५ पासून ऊती संवर्धनाच्या तंत्रापर्यंत संक्षेपाने मांडून, त्याचा संबंध पालघर जिल्ह्यातील वटार व परिसरातील केळीच्या वाड्यांशी जोडण्याचा प्रयत्न करण्यात आला आहे. खाण्याच्या केळीला बी नसते. त्यामुळे तिची परंपरा ही पेशीविभाजनाची अखंड साखळी असते. ही साखळी टिकणे वा तुटणे जमीन, गोडे पाणी आणि लागवड करणारा माणूस यांवर अवलंबून आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : वनस्पती पेशी, पेशीभित्तिका, रिक्तिका, ऊती संवर्धन, मुनवा, राजेळी, बावखल, वसई.

प्रस्तावना :

विज्ञानाचा इतिहास बहुधा प्रयोगशाळा, उपकरणे आणि शास्त्रज्ञ यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. वनस्पती पेशीचा इतिहासही त्यास अपवाद नाही. पाठ्यपुस्तकांत तो रॉबर्ट हूकच्या सूक्ष्मदर्शकापासून सुरू होतो आणि युरोपातील काही नावांपाशी संपतो. विद्यार्थी पेशीची आकृती काढतो, तिच्या घटकांना नावे देतो. परंतु ती पेशी आपल्या परसातील केळीत, तिच्या सोपटात किंवा सुकेळीच्या गरात काय कार्य करीत आहे, याचा विचार क्वचितच होतो.

वटार हे वसई-विरार परिसरातील गाव होय. नंदाखाल, आगाशी, निर्मळ, गास, भुईगाव अशा गावांच्या या पट्ट्यात विहिरीच्या पाण्यावर केळी, पानवेल, नारळ, फुलझाडे व भाजीपाला पिकविण्याची जुनी परंपरा आहे. सामवेदी अथवा कादोडी बोली बोलणारा समाज या भागात मोठ्या संख्येने राहतो. इ. स. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली व १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेने ती मराठ्यांकडे आली. पुढे इंग्रजी अमदानीत १८६७ मध्ये विरारपर्यंत रेल्वेसेवा सुरू झाली आणि येथील बागायती मालास मुंबईची बाजारपेठ अधिक जवळची झाली. सत्ता बदलत गेल्या, परंतु वाडी टिकून राहिली. या टिकण्यामागे जी निसर्गाची यंत्रणा होती ती पेशीची होती, ही बाब लक्षात घेऊन प्रस्तुत विषयाची निवड करण्यात आली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. वनस्पती पेशीविषयीच्या ज्ञानाच्या विकासाचे टप्पे समजून घेणे.
२. केळीच्या उदाहरणाने पेशीची रचना व कार्य यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे.
३. मुनव्याद्वारे होणारी पारंपरिक लागवड आणि ऊती संवर्धन यांची तुलना करणे.
४. वसई परिसरातील बागायतीपुढील पाण्याचा प्रश्न पेशीच्या कार्याच्या आधारे तपासणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे. विवेचनाची मर्यादा केळी या एका पिकापुरती ठेवली आहे.

विषय-विवेचन :

१) रिकाम्या खोलीपासून सजीव घटकापर्यंत

इंग्लंडमधील रॉबर्ट हूक याने १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यास मधमाशांच्या पोळ्याप्रमाणे लहान लहान कप्पे दिसले. त्यांना त्याने ‘सेल’ असे नाव दिले. या शब्दाचा मूळ अर्थ लहान खोली असा आहे. एक घन इंच बुचात असे सुमारे १२६ कोटी कप्पे असावेत, असे गणितही त्याने मांडले. मात्र बूच ही मृत ऊती असल्याने हूकने पाहिल्या त्या केवळ भिंती होत्या. त्यांच्या आत एकेकाळी राहणारे जीवद्रव्य केव्हाच नाहीसे झालेले होते.

मराठीत रूढ झालेला ‘पेशी’ हा शब्द या दृष्टीने वेगळा आहे. संस्कृतात त्याचा अर्थ मांसाचा गोळा अथवा स्नायू असा होतो. इंग्रजी शब्द रिकाम्या जागेचा निर्देश करतो, तर मराठी शब्द आतील सजीव द्रव्याचा. पेशीविषयीच्या ज्ञानाची वाटचालही भिंतीकडून आतील द्रव्याकडेच झाली आहे.

हूकनंतर इटलीतील मार्चेल्लो माल्पिघी व इंग्लंडमधील नेहेमिया ग्रू यांनी वनस्पतींच्या अंतर्रचनेचा पद्धतशीर अभ्यास केला. माल्पिघीचा ग्रंथ १६७५ ते १६७९ या काळात आणि ग्रूचा १६८२ मध्ये प्रसिद्ध झाला. वनस्पतीतील सर्पिल नलिका माल्पिघीच्या विशेष नजरेत भरल्या. कीटकांच्या श्वासनलिकांशी त्याने त्यांची तुलना केली. या नलिका पाहण्यासाठी भारतीय वाचकास सूक्ष्मदर्शकाची फारशी गरज नाही. केळीच्या पानाचा दांडा मोडून दोन तुकडे हलकेच दूर ओढले असता कोळ्याच्या जाळ्यासारखे तलम धागे ताणलेले दिसतात. जलवाहिन्यांच्या भिंतीवरील सर्पिल जाडीचे ते उलगडलेले वेढे होत.

१८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊन याने आमरवर्गीय वनस्पतींच्या पेशींमध्ये एक गोलसर घटक सातत्याने आढळतो हे निदर्शनास आणून त्यास केंद्रक असे नाव दिले. १८३८ मध्ये मथियास श्लायडेन याने सर्व वनस्पती पेशींच्या बनलेल्या आहेत असे प्रतिपादन केले, तर १८३९ मध्ये थिओडोर श्वान याने हाच सिद्धांत प्राण्यांनाही लागू केला. १८४६ मध्ये ह्युगो फॉन मोल याने वनस्पती पेशीतील सजीव द्रव्यासाठी जीवद्रव्य ही संज्ञा वापरली. तथापि नवी पेशी कोठून येते, या प्रश्नाचे श्लायडेनचे उत्तर चुकीचे होते. केंद्रकाभोवती द्रव्य साकळून नवी पेशी घडते असे त्याचे मत होते. रॉबर्ट रेमाक याच्या निरीक्षणांनी व १८५५ मध्ये रुडॉल्फ फिरखो याने मांडलेल्या सूत्राने हे मत मागे पडले. प्रत्येक पेशी ही पूर्वीच्या पेशीपासूनच निर्माण होते, हे ते सूत्र होय. प्रस्तुत अभ्यासाच्या दृष्टीने हे सूत्र सर्वांत महत्त्वाचे आहे. कारण केळीसारख्या बीजहीन पिकाचा संपूर्ण इतिहास या एका सूत्रात सामावला आहे.

२) केळीतील पेशी : रचना आणि कार्य

केळीचे खोड म्हणून जे ओळखले जाते ते वास्तविक खोड नाही. एकात एक घट्ट बसलेल्या पानांच्या आवरणांचा, म्हणजे सोपटांचा, तो खांब आहे. खरे खोड जमिनीखालील कंद हे होय. सोपटाचा आडवा काप घेतल्यास मोठमोठे हवेचे कप्पे दिसतात. पातळ भिंतींच्या पेशींच्या रांगा या कप्प्यांना विभागतात. थोड्या सामग्रीत उंच व हलका खांब उभारण्याची ही योजना आहे. सोपटाच्या बाहेरील अंगास दृढ ऊतींचे चिवट धागे असतात. फुलांच्या माळा व गजरे गुंफण्यासाठी सुकलेल्या सोपटाची दोरी वापरली जाते ती या धाग्यांच्या बळावरच.

वनस्पती पेशी प्राणी पेशीपासून प्रामुख्याने तीन बाबतींत वेगळी ठरते : पेशीभित्तिका, लवके आणि मोठी रिक्तिका. पेशीभित्तिकेचा मुख्य घटक असलेले सेल्युलोज १८३८ मध्ये आन्सेल्म पायाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ओळखले. भित्तिका ही बाह्य बळ पेलते आणि आतील दाबासही रोखून धरते. भित्तिकेच्या आत प्रद्रव्यपटल असते. कोणता पदार्थ आत घ्यावा व कोणता बाहेर ठेवावा, याचे नियमन ते करते. पूर्ण वाढलेल्या पेशीत रिक्तिका बहुतांश जागा व्यापते, व केंद्रक आणि पेशीद्रव्य कडेला सारले जाते. या रिक्तिकेत पाणी, क्षार, शर्करा, आम्ले आणि काही वनस्पतींत रंगद्रव्ये साठविलेली असतात. केळीच्या खांबात वजनाच्या सुमारे ९० टक्के पाणीच असते. लाकूड नसतानाही तो ताठ उभा राहतो, याचे कारण भरलेल्या रिक्तिकांचा भित्तिकांवरील दाब हे आहे. वाऱ्याने केळ मोडून पडते तेव्हा तिच्या बुंध्यातून पाणी ठिबकते, हे प्रत्येक वाडीवाल्यास ठाऊक असते.

लवकांचे कार्य वसईच्या सुकेळीवरून चांगले समजते. कच्च्या केळ्याच्या गरातील पेशींत रंगहीन लवके पिष्टाच्या कणांनी भरलेली असतात. सर्वसाधारण खाण्याच्या केळ्यात कच्चेपणी गराच्या सुमारे २० टक्के असलेले पिष्ट पूर्ण पिकल्यावर एक-दोन टक्क्यांवर येते आणि त्याची शर्करा बनते. त्याच वेळी पेशींना एकमेकींशी जोडणारे पेक्टिन विरघळू लागते व गर मऊ होतो. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळविली म्हणजे रिक्तिकांतील पाणी निघून जाते व शर्करेचे प्रमाण इतके वाढते की सूक्ष्मजीवांना तेथे वाढणे अवघड होते. अशी सुकेळी केळीच्याच सुक्या पानात बांधून विक्रीस येते. आगाशी व आसपासच्या गावांचे हे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन होय. पिष्टाची साखर होणे, पाणी जाणे आणि टिकाऊपणा येणे या तिन्ही क्रिया पेशीत घडतात. त्या केव्हा घडू द्यायच्या आणि केव्हा थांबवायच्या, याचे ज्ञान मात्र वाळवणाऱ्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून मिळविलेले आहे.

३) बीजहीन पिकाची अखंड साखळी

पोर्तुगीज काळात केळ्याचा उल्लेख भारतीय अंजीर अशा नावाने होत असे. गोव्यात १५६३ मध्ये छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या औषधीविषयक ग्रंथात या फळाची चर्चा आलेली आहे. परंतु केळीचा इतिहास याहून फार प्राचीन आहे. न्यू गिनीतील कुक येथील पुराव्यांवरून सुमारे सात हजार वर्षांपूर्वी तेथे केळीची लागवड होत होती असे मानले जाते.

रानटी केळीत कठीण बिया असतात. सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात उगवणारी रानकेळ, जिला काही भागांत चवई वा कवदर म्हणतात, ही केळीची नातलग वनस्पती केवळ बियांपासूनच वाढते. तिला मुनवे फुटत नाहीत. फळ आल्यावर ती मरते व तिचा वंश बियांत राहतो. वाडीतील केळीचे याच्या अगदी उलट आहे. तिच्या बहुसंख्य जाती त्रिगुणित आहेत, म्हणजे त्यांच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच, एकूण ३३ गुणसूत्रे असतात. प्रजोत्पादक पेशी तयार होताना या तीन संचांची समान वाटणी होऊ शकत नाही, त्यामुळे बी धरत नाही. परागीभवनावाचूनच फळ पोसते. माणसाने हजारो वर्षे निवडलेला हा गुणच केळीस माणसावर अवलंबून ठेवणारा ठरला आहे.

अशा केळीचा वंश कंदावरील अंकुरांतून, म्हणजे मुनव्यांतून, चालतो. अंकुराच्या टोकाशी विभाजी ऊती असते. तेथील पेशी लहान, पातळ भिंतींच्या, दाट जीवद्रव्याच्या व ठळक केंद्रकाच्या असतात आणि सतत विभागत राहतात. एदुआर्द श्ट्रासबुर्गर याने १८७५ मध्ये वनस्पतींतील पेशीविभाजनाचे सविस्तर वर्णन केले. या विभाजनात गुणसूत्रांची तंतोतंत नक्कल होऊन ती दोन्ही पेशींत समान वाटली जातात. म्हणून मुनव्यापासून वाढलेले झाड मातृवृक्षाप्रमाणेच असते. तलवारीसारख्या अरुंद पानांचा, जोमदार मुनवा लागवडीस निवडावा व रुंद पानांचा टाळावा, हा शेतकऱ्यांचा नियम आहे. अरुंद पानांचा मुनवा मातृकंदाशी घट्ट जोडलेला असून त्याचा स्वतःचा कंद मोठा असतो व त्यात अन्नसाठाही पुरेसा असतो, हे त्यामागील कारण होय.

फिरखोचे सूत्र येथे अक्षरशः लागू होते. आज वसईच्या एखाद्या वाडीत उभ्या असलेल्या राजेळीची प्रत्येक पेशी मागील वर्षाच्या राजेळीच्या पेशीपासून आलेली आहे, ती त्यामागील वर्षाच्या, आणि ही मालिका कोठेही बीजाच्या टप्प्याने खंडित झालेली नाही. भाताचे बियाणे काही वर्षे कणगीत ठेवता येते. एखाद्या हंगामात पेरणी झाली नाही तरी वाण नष्ट होत नाही. केळीच्या बाबतीत ही सवलत नाही. राजेळी, बसराई, मुठेळी, तांबडी, सोनकेळी, वेलची अशी जी नावे कोकणपट्टीत ऐकू येतात, त्यांतील ज्या वाणाचा शेवटचा कंद उपटला जाईल तो वाण त्या गावापुरता संपतो.

४) एकसारखेपणाची किंमत

नक्कल तंतोतंत असण्याचा दुसरा परिणाम रोगांच्या बाबतीत दिसतो. पनामा मर हा रोग फ्युजेरियम या बुरशीमुळे होतो. ही बुरशी मातीतून मुळात शिरते व जलवाहिन्यांत पसरते. जलवाहिन्या या मृत पेशींच्या पोकळ नलिका असतात. हूकने बुचात पाहिलेल्या कप्प्यांप्रमाणे त्यांच्याही केवळ भिंतीच उरलेल्या असतात, परंतु पाणी वाहून नेण्याचे कार्य त्या रिकामेपणामुळेच शक्य होते. बुरशीचा शिरकाव झाल्यावर शेजारच्या जिवंत पेशी फुगून नलिकेत शिरतात व चिकट द्रव्य साचते. प्रतिकारक्षम वाणात हा अडथळा वेळीच उभा राहून बुरशी रोखली जाते. बळी पडणाऱ्या वाणात तो उशिरा होतो. परिणामी बुरशीही पसरते व पाण्याचा मार्गही बंद होतो. पाने पिवळी पडून बुंध्याभोवती लोंबू लागतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जागतिक व्यापार ग्रो मिशेल या एकाच वाणावर उभा होता. या रोगाने लॅटिन अमेरिकेतील त्याचे मळे उद्ध्वस्त केले आणि १९६०च्या दशकापर्यंत त्याची जागा कॅव्हेंडिश गटातील वाणांनी घेतली. पुढे तैवानमध्ये १९६७ मध्ये कॅव्हेंडिशलाही मारणारा या बुरशीचा प्रकार आढळला. तो आता अनेक देशांत पोहोचला असून भारतात बिहार व उत्तर प्रदेश या राज्यांतही त्याची नोंद झाली आहे. महाराष्ट्रातील जळगावसारखा मोठा केळी-उत्पादक जिल्हाही मुख्यतः कॅव्हेंडिश गटावरच अवलंबून आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे स्थानिक वाणांचे महत्त्व निराळे सांगण्याची गरज राहत नाही.

५) काचेच्या बाटलीतील वाडी

१९०२ मध्ये ऑस्ट्रियातील गॉटलिब हाबरलांट याने एक धाडसी कल्पना मांडली. वनस्पतीची कोणतीही जिवंत पेशी योग्य पोषण मिळाल्यास पूर्ण वनस्पती घडवू शकेल, असे त्याचे म्हणणे होते. त्याने पानांतील पेशी वेगळ्या करून काही काळ जिवंत ठेवल्या, परंतु त्या विभागल्या नाहीत. त्याची कल्पना सिद्ध होण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. १९५७ मध्ये फोल्के स्कूग व कार्लोस मिलर यांनी ऑक्सिन व सायटोकायनिन या संप्रेरकांचे परस्परप्रमाण बदलल्यास ऊतीपासून मुळे किंवा अंकुर मिळविता येतात हे दाखविले. १९५८ मध्ये फ्रेडरिक स्टुअर्ड याने गाजराच्या संवर्धित पेशींपासून पूर्ण रोपे वाढविली. १९६२ मध्ये तोशिओ मुराशिगे व स्कूग यांनी तयार केलेले पोषणमाध्यम आजही जगभर वापरले जाते.

भारतात या क्षेत्राची पायाभरणी दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी यांच्या प्रेरणेने झाली. १९६४ मध्ये शिप्रा गुहा व सतीश माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशाचे संवर्धन करून परागकणांपासून भ्रूण मिळविले. गुणसूत्रांचा एकच संच असलेली रोपे मिळविण्याचा मार्ग यामुळे जगाला खुला झाला.

महाराष्ट्रातील परंपराही नोंद घेण्याजोगी आहे. मालवण येथे १८८४ साली जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी कलकत्ता विद्यापीठातील दीर्घ सेवेनंतर १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची स्थापना केली. तिच्या संशोधन संस्थेस १९९२ पासून त्यांचे नाव देण्यात आले आहे. १९५० मध्ये पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली. तेथील व्ही. जगन्नाथन, ए. एफ. मस्करेन्हस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऊती संवर्धनाचे मोठे कार्य उभारले. १९८० मध्ये या गटाने शंभर वर्षे वयाच्या सागवानाच्या ऊतींपासून रोपे मिळविल्याचे प्रसिद्ध केले. १९९० मध्ये रजनी नाडगौडा, व्ही. ए. पाराशरामी व मस्करेन्हस यांनी काचेच्या नळीतील बांबूच्या रोपांना फुले व बी आणण्यात यश मिळविले. ज्या बांबूस फुलोऱ्यासाठी कित्येक दशके लागतात तो काही महिन्यांत फुलल्याने ‘नेचर’ या नियतकालिकातील या निबंधाने जगाचे लक्ष वेधून घेतले.

केळीच्या ऊती संवर्धनात मुनव्याच्या कंदातील वाढीचे टोक घेतले जाते. ते निर्जंतुक करून सायटोकायनिनयुक्त माध्यमात ठेवले असता त्यावर अनेक अंकुर येतात. दर तीन-चार आठवड्यांनी ते विलग करून पुन्हा वाढविले जातात व अखेरीस त्यांना मुळे फोडली जातात. शेतात एका झाडास वर्षभरात मोजकेच मुनवे मिळतात, तर या पद्धतीने एका टोकापासून शेकडो रोपे तयार होतात. बाटलीतील दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो व त्यांची पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत, म्हणून ही रोपे काही आठवडे छायागृहात ठेवून बाहेरच्या हवेला सरावली जातात. १९९०च्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशनने ग्रँड नैन या वाणाची अशी रोपे शेतकऱ्यांपर्यंत नेली व ठिबक सिंचनाच्या जोडीने केळीच्या शेतीचे स्वरूप पालटले. रोपांबरोबर विषाणू पसरू नयेत म्हणून २००६ पासून ऊतीसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय व्यवस्थाही करण्यात आली आहे.

येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घ्यावा लागतो. मुनवा काय किंवा बाटलीतील अंकुर काय, दोहोंचा आरंभ विभाजी ऊतीपासूनच होतो. तत्त्व एकच आहे, फरक आहे तो वेगाचा, स्वच्छतेचा आणि निवडीचा. प्रयोगशाळा सर्वाधिक मागणी असलेल्या वाणाची लक्षावधी रोपे करते. वाडीवाला मात्र घरच्या सुकेळीसाठी राजेळीचे चार खुंट, नैवेद्यासाठी वेलचीचे दोन आणि भाजीसाठी आणखी एखाद्या जातीचा एक असे राखून ठेवतो. पहिल्या पद्धतीत उत्पादन वाढते, दुसऱ्या पद्धतीत विविधता टिकते. या दोन पद्धती परस्परविरोधी असण्याचे कारण नाही. तैवानमध्ये ऊती संवर्धनात आपोआप उद्भवणाऱ्या थोड्या वेगळ्या रोपांतूनच मर रोगास तोंड देणारे कॅव्हेंडिश वाण निवडण्यात आले. बेल्जियममधील ल्यूव्हेन येथील आंतरराष्ट्रीय संग्रहात केळीचे दीड हजारांहून अधिक नमुने काचनळ्यांत व अतिशीत अवस्थेत जतन केलेले आहेत. भारतात तिरुचिरापल्ली येथे १९९३ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र वाणांच्या संग्रहाचे व संशोधनाचे काम करते. २०१२ मध्ये केळीच्या एका रानटी पूर्वजाचा जनुकसंच उलगडण्यात आला असून त्यात ३६ हजारांहून अधिक जनुके आढळली.

६) पाणी : पेशीच्या आतले आणि विहिरीतले

पेशीची साखळी प्रयोगशाळेत जतन करता आली तरी वाडी तेथे जतन करता येत नाही. याचे कारण पेशीच्या दुसऱ्या गुणधर्मात, म्हणजे पाण्याशी असलेल्या तिच्या संबंधात आहे. फ्रान्समधील आंरी द्युत्रोशे याने १८२०च्या दशकात परासरणाचा अभ्यास केला. विल्हेल्म फेफर याने १८७७ मध्ये त्याचे मोजमाप प्रसिद्ध केले आणि ह्युगो द व्ह्रीस याने १८८०च्या दशकात पेशीतील रससंकोचाचे प्रयोग केले. पटलाच्या दोन बाजूंपैकी जेथे क्षार वा शर्करा अधिक तेथे पाणी खेचले जाते, हे परासरणाचे सार होय. मुळांच्या पेशींत बाहेरच्या मातीपेक्षा द्रव्ये अधिक असतात, म्हणून पाणी आत येते. मातीतील पाणीच खारट झाले तर हा प्रवाह मंदावतो व पुढे उलट होतो. रिक्तिका आकसते, जीवद्रव्य भित्तिकेपासून सुटते आणि ताठ पान लोंबते. केळ हे क्षारास विशेष नाजूक पीक आहे. त्याच्या पानांच्या कडा आधी करपतात.

समुद्रकाठच्या वसईत गोडे पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत्या थराच्या रूपात असते. पावसाचे पाणी मुरेल तेवढा हा थर जाड राहतो, उपसा वाढेल तेवढा तो पातळ होतो व खारे पाणी वर चढते. या भागातील पूर्वजांनी वाड्यांलगत बावखले खणली होती. पावसाळ्यात भरणारी ही लहान तळी हळूहळू झिरपून आसपासच्या विहिरींचे पाणी गोडे ठेवीत. विहिरीवर बैलाचा रहाट चाले व पाटाने पाणी केळीपर्यंत जाई. रहाटाची क्षमता मर्यादित असल्याने उपशासही आपोआप मर्यादा पडे. द्युत्रोशे वा फेफर यांची नावे न ऐकताही पेशीच्या गरजेनुसार उभी केलेली ही जलव्यवस्था होती, असे म्हणावे लागेल.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या विस्ताराबरोबर परिस्थिती पालटली. विजेचे पंप आले, टँकरसाठी भूजलाचा उपसा वाढला, बावखले बुजविली गेली व वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. या बदलास विरोध करणाऱ्या हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी केले. पाणी व हिरवळ हा या चळवळीचा गाभा होता. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली व २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. नागरीकरणाचा वेग त्यानंतरही वाढताच राहिला. दुसऱ्या बाजूने, बुजत चाललेल्या बावखलांच्या संवर्धनासाठी स्थानिक पातळीवर प्रयत्न सुरू झाले आहेत, ही समाधानाची बाब होय.

निष्कर्ष :

१. वनस्पती पेशीविषयीचे ज्ञान रिकाम्या भिंतीच्या निरीक्षणापासून सुरू होऊन पेशीच्या पूर्णक्षमतेपर्यंत पोहोचले. या प्रवासात दिल्ली व पुणे येथील संशोधकांचे योगदान मोलाचे आहे.

२. केळीच्या रचनेत व सुकेळीच्या निर्मितीत पेशीभित्तिका, लवके व रिक्तिका यांचे कार्य प्रत्यक्ष दिसते. स्थानिक उदाहरणांच्या आधारे पेशीचे अध्यापन केल्यास ते अधिक परिणामकारक होऊ शकेल.

३. बीजहीन केळीचे वाण ही पेशीविभाजनाची अखंड साखळी आहे. ती एकदा तुटल्यास त्या वाणाचे पुनरुज्जीवन बियाण्यातून करता येत नाही. म्हणून राजेळीसारख्या स्थानिक वाणांचे जतन वाडीत व प्रयोगशाळेत एकाच वेळी होणे आवश्यक आहे.

४. ऊती संवर्धनाचे तंत्र बाजारातील प्रमुख वाणांपुरते मर्यादित न ठेवता वसई परिसरातील पारंपरिक वाणांची रोगमुक्त रोपे तयार करण्यासाठीही वापरले जावे. परिसरातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी वाणांची नोंद व संग्रह हे कार्य हाती घेणे उचित ठरेल.

५. रोपे बाटलीत वाढविता येतात, परंतु गोडे पाणी बाटलीत वाढविता येत नाही. बावखलांचे संरक्षण व भूजलाच्या उपशावरील नियंत्रण ही वाणांच्या जतनाची पूर्वअट आहे.

समारोप :

रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात ज्या पाहिल्या त्या जीव निघून गेलेल्या खोल्या होत्या. वटार व परिसरातील वाड्यांत आज अशा खोल्या भरलेल्या आहेत व विभागतही आहेत. एका पिढीच्या दुर्लक्षाने त्या रिकाम्या होऊ शकतात. जमिनीतून निघालेला मुनवा त्याच दिवसांत दुसऱ्या खड्ड्यात लावला गेला तरच साखळी पुढे जाते. आजवर वसईतील प्रत्येक पिढीने हे काम केले. पुढील पिढीस ते करता यावे एवढी जमीन आणि एवढे गोडे पाणी शिल्लक ठेवणे, ही वर्तमानाची जबाबदारी आहे.